दोनशे ऐंशी रुपयांची कट्यार

परवा सकाळी दारात एक दहा-अकरा वर्षांचं पोरगं उभं. हातात वही, वहीत पाचशेची नोट घडी करून ठेवलेली. म्हणालं, "आजी, खानाची कट्यार कुठं मिळती? आबा म्हणले बाईंना विचार."

आबा म्हणजे माझा जुना विद्यार्थी. आता आजोबा झालाय! यंदा १९ फेब्रुवारीला शिवजयंतीला आमच्या गल्लीतली लेकरं प्रतापगडच्या भेटीचा प्रवेश बसवणार आहेत. अंगरखे भाड्याने मिळाले, दाढी मिळाली, शामियान्याला कुणाच्या तरी लग्नातला पडदा मिळाला. राहिली कट्यार. मंडळाने त्यासाठी पाचशे रुपये काढले आणि खरेदीचं काम माझ्याकडे आलं. का आलं ते मला बरोबर कळलं, पण ते पुढे सांगते.

आधी खान कशाने वार करतो ते ठरवायला हवं. चित्रांत कधी त्याच्या हातात बाकदार जंबिया दिसतो, कधी सरळ खंजीर. सभासद बखरीत खानाची जमदाड आहे. सभासदाने बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ च्या घटनेनंतर साधारण चाळीस वर्षांच्या आत. जमदाड म्हणजे आपली कट्यारच म्हणायची. तिची मूठ सुरीसारखी उभी नसते. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये आडव्या दांड्या. त्या दांड्या मुठीत धरल्या की पातं थेट बोटांच्या पेरांपुढे येतं. म्हणजे बुक्की मारली की वार झाला. महाराजांकडे उजव्या हातात बिचवा आणि डाव्या हातात वाघनखं. बिचवा विंचवाच्या नांगीसारखा बाकदार, म्हणून तर ते नाव. वाघनखं पोरांनी आधीच केली होती, पुठ्ठ्याची. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली, तेव्हापासून मोबाईलवर त्यांची चित्रं ढिगाने आहेत. ती नेमकी महाराजांचीच का, याची खात्री देता येत नाही असं त्या म्युझियमने स्वतःच सांगितलेलं आहे. पोरांना त्याचं काही नाही. त्यांना नखं चारच हवीत की पाच, एवढंच भांडण!

तर खरेदी. पहिल्यांदा माझ्या नातीने मोबाईलवर दाखवलं. नऊशे, बाराशे, पंधराशे रुपयांच्या चकाचक कट्यारी. कुणाच्या मुठीवर सापाचं तोंड, कुणाच्या मुठीवर लाल काचेचा खडा. एक तर सिनेमातल्या परदेशी राजाचीच वाटली. पैसे परवडणारे नव्हतेच, पण त्याहून मोठी अडचण दुसरी. या स्वस्तातल्या शोभेच्या वस्तू भिंतीवर टांगायला केलेल्या असतात. पात्याची मुठीत जाणारी शेपटी बोटभर बारीक दांडी असते, तीही कधी नुसती चिकटवलेली. ज्यांनी खुरपं वापरलंय त्यांना सांगायला नको. मूठ ढिली झालेलं खुरपं झटक्यासरशी निसटतं आणि कुठे जाऊन पडेल याचा नेम नसतो. रंगमंचावर पोरगं जोरात हात फिरवणार, आणि समोर पहिल्या रांगेत बसणार आमच्या गल्लीतली सगळी बारकी लेकरं.

शिवाय कायदा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या नियमांत तलवार आणि खंजीर तर आहेतच, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्याही आहेत. शेतीची आणि घरकामाची अवजारं तेवढी वगळलेली. आणि सणावारांच्या दिवसांत पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली हत्यार घेऊन फिरायला बंदीचा हुकूम निघतो, तो वेगळाच. कुरिअरने आलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपल्या मराठवाड्यातूनच आल्या होत्या. उगीच लेकरांच्या नाटकापायी कुणाला चौकीत बसवायचं?

मग कुणीतरी म्हणालं, नांदेडला जा. गुरुद्वाऱ्याजवळ दुकानंच दुकानं आहेत. गेले. औंढा, वसमत करत एसटीने, अर्ध्या तिकिटात. हुजूर साहिबला आधी माथा टेकला. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली जिथे देह ठेवला ती ही जागा, तिथल्या गल्लीत कड्यांच्या आणि कृपाणांच्या दुकानांतून फिरताना आपोआप आवाज खाली येतो. एका दुकानात म्हातारे सरदारजी होते. स्वच्छ मराठी बोलत होते, आपल्यापेक्षा बरी. मी एक छोटी कृपाण हातात घेतली, दोनशे-अडीचशेला होती. त्यांनी विचारलं, "कशाला पाहिजे ताई?" मी खरं सांगितलं. त्यांनी हळूच माझ्या हातातून ती काढून घेतली आणि जागेवर ठेवली.

"ही आमच्या पाच ककारांतली. खेळात मारामारी करायला नाही द्यायची." मग जरा थांबून म्हणाले, "भिंतीची तलवार देतो म्हटलं तर देतो. पण लेकरांच्या हातात तीही देऊ नका. लोखंडाला नाटक कळत नाही."

मी परत निघाले. वसमतपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. कारण लोखंडाला नाटक कळत नाही हे मला १९८३ पासून माहीत आहे.

त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये हाच प्रवेश मी बसवला होता. मी तिशीतली, नव्या उत्साहाची बाई. ज्याचा नातू परवा वही घेऊन आला तो माझा राजा. खान झालेला दुसरा, अंगापिंडाने दांडगा. नावं लिहीत नाही, दोघंही हे वाचतील. तालमी लाकडी पट्टीने झाल्या. गॅदरिंगच्या दिवशी संध्याकाळी खान पिशवीतून एक जंबिया घेऊन आला. त्याच्या आजोबांचा, निजामाच्या वेळचा. आपल्या भागात जुन्या घरांतून अशा वस्तू माळ्यावर असायच्याच. त्याचे डोळे असे चमकत होते! "बाई, हा चालेल का?" मी धारेवरून अंगठा फिरवला. धार पार गेलेली होती, भाकरीसुद्धा कापली नसती. मी म्हणाले, "चालेल. टोक सांभाळ."

टोक मी बघितलं नाही.

तालमीत राजा वार चुकवायला डावीकडे वळायचा. त्या दिवशी टाळ्यांच्या आवाजात, दिव्यांच्या उजेडात तो जागचा हलला नाही, त्याने हात पुढे केला. जंबियाचं टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून आरपार गेलं. लोकांना वाटलं रक्त नाटकातलंच. आणखी टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

त्याचा उजवा अंगठा आजही पुरता वाकत नाही. दुकानात नोटा मोजताना तो तर्जनी आणि मधल्या बोटाने मोजतो. बघणाऱ्याला वाटतं, सवय असेल.

पण मला सांगायचंय ते हे नाही. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत विचारणा झाली. खरं हत्यार स्टेजवर आलं कसं? परवानगी कुणी दिली? खान माझ्याकडे बघत होता. क्षणभरच. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. मग तोच म्हणाला, "मी आणला सर. कुणाला विचारलं नाही." चौदा वर्षांचं पोरगं! माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती, घरात आजारपण होतं.. कारणं खूप होती आणि सगळी खरी होती. त्याला पंधरा दिवस वर्गाबाहेर काढलं. वडिलांना बोलावून चार लोकांत बोललं गेलं. जंबिया कपाटात बंद झाला. पुढच्या जूनमध्ये त्याचं नाव दुसऱ्या शाळेत होतं. मी पुढे बरीच वर्षं मुलांना इतिहास शिकवला, खरं बोलण्याचे धडेही शिकवले.

असो.

काही वर्षांपूर्वी एक बातमी वाचली होती. २००८ साली व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये, म्हणजे युरोपातल्या नावाजलेल्या नाटकघरात, प्रयोग चालू असताना एका नटाच्या मानेला खरोखर सुरी लागली. सुरी बोथट केलेली असायला हवी होती, ती धारदार निघाली. तिथेही लोकांना आधी वाटलं, काय जिवंत अभिनय! नट वाचला. ती बातमी वाचून मला थोडं बरं वाटलं होतं, की एवढ्या मोठ्यांकडूनही होतं. नंतर त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

नांदेडहून आल्यावर मी सुताराकडे गेले. बाजारातलं प्लॅस्टिक आधीच बघून झालं होतं. आपल्या दसऱ्याच्या प्रदर्शनात मिळतं तसलं, पन्नास रुपयांचं. ते वार करताना वाकतं आणि लोक हसतात. प्रतापगडच्या भेटीत हसून कसं चालेल? दाबलं की पातं मुठीत जाणारी स्प्रिंगची सुरीही मिळते, पण स्प्रिंग अडकली की ती सरळ काठीच होते, आणि पोरगं मात्र पातं आत जाईल या भरवशावर जोर लावतं. ती तर सगळ्यात नको.

सुताराला मी कागदावर कट्यार काढून दिली. सागाच्या उरलेल्या फळीतून, मुठीसकट एकसंध कापायची. दांड्या वेगळ्या बसवल्या तर त्याच आधी तुटतात. पातं आठ इंच. कडा बोटाएवढ्या जाड आणि गोल, टोक रुपयाच्या नाण्याएवढं बोथट. घासून घासून गुळगुळीत, कूस राहायला नको. वरून चंदेरी रंग, मुठीला काळा. बिचवाही तसाच. तो म्हणाला, "बाई, एवढी बोथट कट्यार कुणाला मारायची?" मी म्हणाले, "कुणालाच नाही." दोन्हींचे मिळून दोनशे ऐंशी घेतले. दहा फुटांवरून बघितलं तर ओळखू येत नाही. रंगमंचावर एवढं पुरतं. ऐतिहासिक म्हणाल तर त्या पंधराशेच्या सापतोंड्यापेक्षा हीच जास्त ऐतिहासिक आहे, कारण निदान आकार तरी खरा आहे.

उरलेल्या दोनशे वीसमधून काही खर्च केला नाही. अंगरख्याखाली बांधायला तेलाच्या डब्याचा पत्रा घरचाच मिळाला. बखरीत खानाचा वार चिलखतावर खरखरतो, तो आवाज पत्र्यावर लाकूड घासलं की छान येतो. आणि वार असा बसवलाय की प्रेक्षकांना छातीवर दिसतो, पण खरी कट्यार पलीकडच्या बगलेखालून रिकामी जाते. नव्या राजाला शंभरदा बजावलंय, हात पुढे करायचा नाही. तालमीला त्याचे आबा येऊन बसतात. एकदा त्यांनी कट्यार मागून घेतली, टोकावरून तो न वाकणारा अंगठा फिरवला आणि काही न बोलता परत दिली.

त्या रात्री मी खानाला फोन लावला. तो पुण्याला असतो, त्याचा नंबर राजाकडूनच घेतला. दोघं अजून बोलतात एकमेकांशी. मी सगळं सांगितलं. चालेल असं मी म्हणाले होते, आणि दुसऱ्या दिवशी गप्प बसले. तो म्हणाला, "जाऊ द्या बाई. तुम्ही टोक सांभाळ म्हणाला होता. मीच सांभाळलं नाही."

मी म्हणाले, "टोक बघायचं काम माझं होतं. तुझं नव्हतं."

बराच वेळ तो बोलला नाही. मग विचारलं, "तो जंबिया कुठं गेला बाई? माय लई वर्षं इचारायची. बापानं तिला दिलेली ती एकच वस्तू होती."

म्हणजे तो आईच्या वडिलांचा होता. हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. शाळेची ती इमारत पडून नवी झाली, कपाटं भंगारात गेली. मी म्हणाले, "मला माहीत नाही रे." दुसरं काय सांगणार? मग त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी त्याच्या मुलींची. त्याच्या मुलांसमोर, त्याची इच्छा असेल तर, मी हे तोंडाने सांगायला तयार आहे असंही म्हणाले. तो "बघू" म्हणाला. १९ तारखेला येईल का, तेही "बघू"च.

कट्यार आणि बिचवा सध्या माझ्याकडे देवघराशेजारच्या खुंटीला आहेत. तालमीला मीच घेऊन जाते आणि मीच परत आणते. मंडळाच्या वहीत पोरांनी खर्च लिहिला, "कट्यार व बिचवा, रु. २८०". त्याखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, "धार व टोक तपासले", आणि सही केली. पोरं म्हणाली, "आजी, सही कशाला?"

म्हटलं, राहू द्या.