दोन पट्ट्यांमधला गंधार

पेटीवाल्याला एक सोय असते. गवई डोळे मिटून गातो, तबलजी समेच्या मागे असतो. पेटीवाला मात्र पट्ट्यांकडे न बघता समोरच्यांचे चेहरे बघू शकतो. सांगली-मिरजेच्या मैफिली, नाट्यपदांचे कार्यक्रम, साताऱ्याकडची भजनं अशी साथ करता करता मला तोच नाद लागला. कुणाचे डोळे कुठल्या जागेवर भरतात, ते टिपायचा. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. दुखरा सूर ताणून धरलेला असतो तेव्हा कुणी रडत नाही, सगळे श्वास धरून बसलेले असतात. तो सूर उतरत उतरत षड्जाला टेकला, की पदर डोळ्यांकडे जातो.

त्या दुखऱ्या सुराचं मोजमाप करायचा मोठा खटाटोप आमच्याच मुलखात झाला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले. बावीस श्रुतींचं गणित मांडून त्यांनी 1910 मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं. साताऱ्याचे न्यायाधीश ई. क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी विलायतेत श्रुतींची पेटी बनवून घेतली. श्रुती पडताळायला गळा कुणाचा, तर अब्दुल करीम खाँसाहेबांचा. निवृत्त डेप्युटी कलेक्टर, गोरा जज्ज आणि किराण्याचा गवई एका पेटीभोवती बसलेत, हे चित्र मला फार आवडतं. 1916 मध्ये बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी मांडली गेली, तिच्यावरून वाद झाले, आणि पुढे ती काही रुजली नाही.

देवलांची तक्रार मात्र खरी होती. सप्तकाचे 1200 सेंट धरले, तर आमच्या पेटीतला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. शिवाय पेटीवर मींड नाही. एका पट्टीवरून उठायचं नि दुसरीवर बसायचं, मधली वाट बंद. आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवलं, त्यामागे हेच आक्षेप होते. पेटीवाला असूनही मला त्यांचा राग येत नाही. गवई गंधारावर आंदोलन घेत असताना मी गंधाराची पट्टी दाबली, तर दोन गंधार एकमेकांशी भांडतात आणि ऐकणाऱ्याचं चित्त उडतं. म्हणून त्या जागी मी हात काढतो. भाता हलका, षड्ज जेमतेम जिवंत. गवई खाली यायला लागला की त्याच्या मागून यायचं, पुढून नाही. नवी पोरं प्रत्येक फट भरून काढतात. त्यांच्या बोटांत तयारी दांडगी असते, पण सभागृह कोरडं राहतं.

नाट्यशास्त्रानं करुणासाठी गंधार आणि निषाद सांगितले आहेत. त्यावरून कोमल सूर म्हणजे रडू, असा सोपा हिशोब लोक करतात. मग खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी काढा. रागात एक निषाद तेवढा कोमल, बाकी सगळे शुद्ध, आणि जुन्या तबकडीवरची ती जेमतेम तीन मिनिटं माणसाला मोडून टाकतात. खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 मध्ये गेल्यावर मिरजेच्या दर्ग्यातच विसावले. तिथल्या संगीतसभेत नव्या गवयांना ऐकतो तेव्हा वाटतं, खाँसाहेबांचा आवाज उचलता येतो, पण सूर सोडून देतानाची त्यांची सबुरी उचलता येत नाही.

जॉन स्लोबोडा या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1991 मध्ये अशा जागा शोधल्या होत्या. पाश्चात्त्य संगीत ऐकताना नेमकं कुठे रडू येतं, हे लोकांना विचारलं, तर बऱ्याच जागा एकाच जातीच्या निघाल्या: उपरा सूर मुख्य सुराला रेटतो, क्षणभर अडतो आणि मग जागेवर येतो. म्हणजे आमचं षड्जाला टेकणंच की! त्याला ते स्वरलिपीत सापडलं, मला चेहऱ्यांवर.

आता कृष्णाजींचे भाऊ. गोविंद बल्लाळ देवल, ‘संगीत शारदा’चे कर्ते. नाटक 1899 चं. म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या शारदेला मैत्रिणी चिडवतात, त्या पदाची साथ करताना बघितलंय, सभागृह हसतं आणि पुढच्या रांगेतल्या बायका हसता हसता गप्प होतात. चाल रडकी नाहीच. थट्टेच्या चालीत एका पोरीचं आयुष्य चाललंय, हे आपल्याला कळतं आणि चालीला कळत नाही. एका भावानं श्रुती मोजल्या, दुसऱ्यानं ही फट ओळखली. मला दुसरा जास्त शहाणा वाटतो.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची मैनेची छक्कड तर चांगली ठेक्यातली. पोटासाठी मुंबईला गेलेला गडी, मागे गावात राहिलेली बायको. आणि मग ती मैना बघता बघता महाराष्ट्राबाहेर राहिलेलं बेळगाव-कारवार होते. वाळव्याकडचे गिरणीतून परत आलेले म्हातारे डफावर मान डोलवता डोलवता डोळे पुसतात. तिथे षड्जाला टेकायची सोय अण्णा भाऊंनी ठेवलेलीच नाही. माझ्या मताला हे गाणं जुमानत नाही, आणि मला ते तसंच राहू द्यावंसं वाटतं.

उलट टीव्हीवरच्या स्पर्धांत गाणाराच आधी रडतो. गळा दाटला की सूर बसतो, आणि बसलेला सूर कुठे नेता येत नाही. रडायचं काम ऐकणाऱ्यांवर सोडावं, त्यांना ते चांगलं जमतं.

कोरेगाव भागात मयताच्या घरी भजनाला गेलं की हे फार जवळून दिसतं. घरची बाई दिवसभर भाकरीचं, पाहुण्यांचं, माणसांच्या चहाचं बघत फिरत असते. उंबऱ्याशी टेकते ती भजन रंगल्यावर. अभंगाच्या शेवटी बुवा भैरवीत खाली येतात आणि तिला हुंदका फुटतो. कुणी समजूत घालायला उठत नाही, कारण अभंग चालू आहे आणि अभंगात रडलेलं चालतं. बुवाही तो लांबवत नाहीत. दोन आवर्तनं तिला देतात, टाळकऱ्यांकडे बघून मान हलवतात आणि द्रुत गजर सुरू होतो. मी भाता जोरात ओढतो, पखवाज्याचा हात मोकळा सुटतो, आणि ती बाई पदरानं तोंड पुसून किती पानं वाढायची ते विचारायला आत जाते.