हात किती पसरायचे

पंचगिरी शिकायला येणाऱ्यांना वाइडचा इशारा सगळ्यात सोपा वाटतो. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे पसरले, की झालं. पायचीत द्यायचं तर टप्पा कुठे, उसळी किती, चेंडू यष्टीवर जाणार का, असा हिशेब करावा लागतो. वाइडला काय, चेंडू लांबून गेला हे सीमारेषेवरच्या शेंगदाणेवाल्यालाही दिसतं! प्रत्यक्ष उभं राहिल्यावर मात्र कळतं, की दिवसभर कुरकुर होते ती याच निर्णयावर. पायचीतचं अपील अधूनमधून येतं. वाइडचा प्रश्न फलंदाजाने सोडलेल्या प्रत्येक चेंडूला समोर असतो, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर हात खाली ठेवूनच द्यायचं असतं.

एमसीसीच्या नियमावलीत वाइडचा नियम 22वा. त्यात इंच नाहीत. फलंदाज नेहमीच्या पवित्र्यात उभा असताना नेहमीच्या फटक्याने त्याला तो चेंडू खेळता आला असता का, एवढंच तो विचारतो. म्हणजे मोजायचा तो फलंदाजाचा आवाका. उंच सलामीवीर जो चेंडू सहज कट करील, तोच गाइल्स शील्ड खेळणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या बॅटपासून वीतभर लांब राहतो. म्हणून शालेय सामन्यात गार्ड देता देता मी ‘मिडल’, ‘लेग’ सांगतो खरा, पण लक्ष त्या पोराच्या हातांच्या लांबीकडे असतं.

मर्यादित षटकांच्या सामन्यात हे सैल माप आवळलं जातं. रिटर्न क्रीझपासून 17 इंच आत फक्कीची एक रेघ मारतात. ऑफला चेंडू त्या रेघेच्या बाहेरून गेला की वाइड. लेगला तर पॅडच्या मागून गेलेल्या चेंडूला सहसा माफी नसतेच. रेघ आली की काम सोपं होईल असं वाटतं, पण ती जमिनीवर असते आणि चेंडू हवेत. शिवाय क्रीझच्या कोपऱ्यातून तिरका टाकलेला चेंडू फलंदाजाजवळून जाताना रेघेच्या आत असतो आणि यष्टिरक्षकाकडे पोचेपर्यंत हातभर बाहेर सरकतो. यष्टिरक्षकाने सूर मारला, की सगळ्या मैदानाला तो वाइड दिसतो. पंचाने ग्लोव्हजकडे बघायचं नसतं. चेंडू फलंदाजाला ओलांडतो तो क्षण धरायचा आणि पुढचं विसरायचं. मैदानी सामन्यात नोबॉलसाठी गोलंदाजाचा पुढचा पायही आपणच बघायचा असतो, म्हणजे नजर क्रीझवरून उचलून समोर न्यायला पापणी लवण्याइतकाच वेळ मिळतो.

इतकी घाई असली, तरी हात मात्र घाईने पसरायचे नाहीत. चेंडूने फलंदाजाकडच्या यष्ट्यांची रेषा ओलांडली, की मग वाइड पुकारायचा. बॅटीची किंवा अंगाची पुसटशी कड लागली असेल, तर तो वाइड राहतच नाही. आणि वाइडवर यष्टिचीतही होतं. इकडे माझे हात पसरलेले, तिकडे स्क्वेअर लेगला जोडीदाराचं बोट वर. अशा वेळी धावही मोजली जाते आणि फलंदाजही जातो. गुणलेखकाने वहीत फुली मारून आपल्याकडे हात वर केल्याशिवाय पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही.

फलंदाजांची नाटकंही ओळखावी लागतात. माप घेताना शिंप्यासमोर पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाइकासारखे काही जण चेंडू येताच अंग चोरतात आणि वर आपल्याकडे आशेने बघतात. काही उलटे, गोलंदाज धावत येत असताना ऑफला सरकतात, त्याने तिकडे टाकलं की परत फिरतात. 2022च्या दुरुस्तीने हा डाव बंद केला. गोलंदाजाने धाव सुरू केल्यापासून फलंदाज जिथे जिथे उभा राहिला, ती सगळी जागा आता मोजमापात धरतात. 

गोलंदाजही काही साधे नव्हेत. 1810 साली इंग्लंडमध्ये विल्यम लँबर्टचा जोडीदार आजारी पडला आणि लॉर्ड फ्रेडरिक बोक्लर्कच्या जोडीशी त्याला एकट्याने खेळावं लागलं. त्याने लॉर्डसाहेबांना मुद्दाम लांब लांब चेंडू टाकले, ते चिडून बाद झाले आणि लँबर्ट जिंकला. लवकरच वाइडला नियमाने दंड बसला. या नियमाचा जन्म असा एका खोडीतून झाला.

माझ्या लेखी या कामातला खरा कस पहिल्या षटकात लागतो. सकाळी पहिला वाइड देताना, किंवा न देताना, तुम्ही त्या दिवसाची रुंदी ठरवून टाकता. दोन्ही संघ ती लगेच टिपतात, गोलंदाज तर तिच्या काठाकाठाने टाकायला लागतो. मग शेवटच्या षटकात चार धावा हव्या असताना तेवढ्याच अंतरावरून चेंडू गेला, तर सकाळचंच उत्तर द्यायला हवं. आता त्या उत्तराची किंमत एक धाव आणि एक जादा चेंडू असते, म्हणून हात जड होतात. कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात ओला चेंडू हातातून निसटतो, तेव्हा गोलंदाजाची दया येते. तरी दयेपोटी रुंदी वाढवायची नाही. पलीकडच्या टोकाचा पंचही तेवढीच रुंदी धरून उभा हवा, म्हणून नाणेफेकीआधी आम्ही दोघं खेळपट्टीवर जाऊन वाइडबद्दल बोलून घेतो.

2023च्या मार्चमध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या महिला प्रीमियर लीगपासून खेळाडूंना वाइडवरही रिव्ह्यू मागता येऊ लागला. त्याची मला भीती वाटत नाही. कॅमेरा एका चेंडूची जागा माझ्यापेक्षा नेमकी सांगेल. पण आझाद मैदानावर कॅमेरा नसतो. तिथे लोक पंचाची एखादी चूक पचवतात, सकाळी एक माप आणि संध्याकाळी दुसरं, हे मात्र पचवत नाहीत. सामना संपल्यावर एकच कर्णधार वाइडबद्दल कुरकुरत आला, तर मी गुणलेखकाची वही मागून घेतो आणि फुल्या कुठे कुठे पडल्यात ते बघतो. दोघेही कुरकुरत आले, तर सरळ चहाला जातो.