घाटंजीच्या घराच्या भिंती

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'च्या तिसऱ्या अंकांत शर्विलक नांवाचा चोर चारुदत्ताच्या घराच्या भिंतीला मोठ्या कलाकुसरीनें खिंडार पाडून आंत शिरतो. आंत दिव्याच्या उजेडांत त्याला काय दिसतें? मृदंग, वीणा, बांसऱ्या आणि पोथ्या. हें एखाद्या नाट्याचार्याचें घर तर नव्हे, अशी त्याला शंका येते. आणि मग घरधनी खरोखरीच दरिद्री आहे हें ओळखून तो हिरमुसतो. ही कथा आम्हीं तीस वर्षें वर्गांत सांगितली. मुलें चोराच्या फजितीला हंसत आणि आम्हीही हंसत असूं. पण त्या चोरानें घरांतल्या चार वस्तु पाहून घरधन्याची पारख केली, ही गोष्ट सेवानिवृत्त होऊन घरीं बसल्यावरच आमच्या ध्यानांत आली. ह्याच्या उलट चौथ्या अंकांत मैत्रेय वसंतसेनेचे आठ चौक डोळे विस्फारून पाहत जातो. हत्ती आहे, रत्नें घडविणारे कारागीर आहेत, पाकशाळा आहे, पक्ष्यांचे पिंजरे आहेत. पण इतकें सारें पाहूनही त्या घराची मालकीण मनानें कशी आहे, तें मात्र त्यावरून कळत नाहीं.

उद्यां एखादा शर्विलक आमच्या घाटंजीच्या घरांत शिरला तर त्याला काय कळेल? हा प्रश्न गेल्या चैत्रांत आमच्यापुढें उभा राहिला तो असा.

चैत्रगौरीच्या निमित्तानें दोन्ही चिरंजीव, सुना आणि नातवंडें घरीं जमलीं होतीं. बैठकीची भिंत गेल्या पावसाळ्यापासून फुगली होती व तेलिया रंगाचे पापुद्रे गळून खालच्या सतरंजीवर पडत होते. तेव्हां खोली नव्यानें करावी हें ठरलें. कशी करावी, एवढेंच काय तें ठरेना. थोरल्या सूनबाई पुण्याच्या. त्यांच्या मोबाईलमध्यें सजविलेल्या घरांचीं दोनशें तरी चित्रें होतीं. त्यांना जुन्या वाड्याचा थाट हवा होता: कोरीव चौकटी, पितळी समया, भिंतीवर टांगलेल्या पराती. धाकट्या सूनबाई नागपुरास राहतात. त्यांना सर्व पांढरें आणि मोकळें हवें. भिंतीला खुंटी नको, देवळी नको आणि बंगई तर नकोच नको. शब्दानें शब्द वाढला. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही जावांच्या चहाच्या वेळा निराळ्या झाल्या. एकत्र कुटुंबांत ह्याचा अर्थ काय होतो, हें वाचकांस सांगावयास नको. त्यांतच थोरल्या चिरंजिवांच्या तोंडून, "त्यापेक्षां घर विकून मोकळें व्हावें," असे शब्द निघून गेले. ते त्यांच्या मनांत नसतील. परंतु घरांत एकदां उच्चारलेला असा शब्द कोळ्याच्या जाळ्यासारखा आढ्याला लटकून राहतो.

आम्हीं मास्तरकीच्या संवयीप्रमाणें निवाडा लांबणीवर टाकला आणि नातवंडांना घेऊन आधीं गांवांतलीं घरें पाहण्याचें ठरविलें.

घाटंजी हें यवतमाळाहून मोटारीनें सुमारें तासाभराच्या अंतरावर, वाघाडी नदीच्या कांठचें तालुक्याचें गांव. भोंवतालीं कापसाची काळी जमीन, आणि त्यापलीकडे सागाचें रान. ह्या काळ्या जमिनीचा स्वभाव ज्याला ठाऊक नाहीं त्यानें येथें घर सजविण्याच्या गोष्टी करूं नयेत. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभी असलेली भिंतही तिच्याबरोबर श्वास घेते म्हणा ना! म्हणूनच जुने लोक गांव वसवीत तें पांढरीवर आणि शेत करीत तें काळींत. भिंती जाड मातीच्या, वर कवेलू, खालीं शेणाचें सारवण. भेग पडली कीं घरच्याच मातीनें बुजवावयाची आणि सणावाराला पांढऱ्या मातीनें भिंत पोतारावयाची. मे महिन्यांत बाहेर पारा पंचेचाळीस अंशांवर गेला तरी अशा घराच्या माजघरांत दुपारीं डोळा लागतो. सिमेंटच्या घरांत पंखा गरम हवाच अंगावर फेंकतो.

आमच्या बैठकीची भिंत कां फुगली, ह्याचाही उलगडा ह्या फेरफटक्यांत झाला. एक वृद्ध गवंडी ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, मातीच्या भिंतीला ओल येणारच. चुना ती ओल बाहेर सोडतो. तुम्हीं वरून तेलिया रंग फांसून तिचें तोंड बांधलें. मग ती फुगेल नाहीं तर काय करील?" तो चकचकीत रंग पंधरा वर्षांपूर्वीं आम्हींच हौसेनें लावून घेतला होता. नातवंडांसमोर आम्हीं विषय बदलला.

जुन्या घरांतून फिरतांना मुलांनीं शंभर प्रश्न विचारले. ढेलज म्हणजे काय, सांदवाडी कोणती, दाराशेजारी दिव्यापुरती देवळी कां. खुंटीचें मूळ मात्र आम्हांस सांगतां आलें. वात्स्यायनाच्या ग्रंथाचें नांव ह्या पानांवर घेण्याचें फारसें कारण पडत नाहीं. परंतु त्यांतलें नागरकाच्या खोलीचें वर्णन निरुपद्रवी असून मोठें वाचनीय आहे. भिंतीतल्या नागदंतावर, म्हणजे खुंटीवर, अडकविलेली वीणा, चित्र काढण्याचा फळा, कुंचल्यांची डबी, एखादें पुस्तक आणि कोरांटीच्या माळा. बाहेर बागेंत झोंपाळा. आमची पितळी कड्यांची बंगई ती हीच, फक्त बागेंतून बैठकींत आलेली. हें धाकट्या सूनबाईंस ऐकूं जाईल अशा आवाजांत आम्हीं सांगितलें. त्या म्हणाल्या, "मामंजी, त्या नागरकाकडे धुणें वाळत घालावयाला बंगईच्या कड्या वापरीत नसतील." ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

पुढें एका रविवारीं तालुक्यांतल्या एका कोलामांच्या पोडावर गेलों. कोलामांच्या वस्तीला ह्या भागांत पोड म्हणतात. त्यांची भाषा कोलामी. ती मराठीच्या कुळांतली नव्हे, तर तेलुगु-गोंडीच्या कुळांतली. वस्तीच्या मध्यभागीं सर्वांची मिळून एक चावडी आणि भोंवतालीं घरें. बांबूच्या कामांत ह्या लोकांचा हात धरणारा विरळा. घराच्या भिंती बांबूच्या कुडाच्या, वरून मातीनें लिंपलेल्या. एका घरांत आम्हांस बोलावलें. सारवलेली जमीन, एक बाज, टोपल्या, आढ्याला टांगलेलें बियाणें आणि दाराच्या बाजूला चार बोटें रुंद अशी गेरूची पट्टी. त्या पट्टीवांचून घराचें कांहीं अडलें नसतें. घरच्या बाईला तें बरें दिसलें म्हणून तिनें ती ओढली. थोरल्या सूनबाई त्या पट्टीकडे बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि त्यांनीं मोबाईल बाहेर काढला नाहीं, हें आम्हीं टिपून ठेवलें.

परत येतांना आम्हीं त्या दोनशें चित्रांची थोडी थट्टा केली. ती करावयास नको होती. कारण आमच्याच बैठकींत आजोबांनीं आणलेली रविवर्म्याची सरस्वती आहे. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस चित्रें छापण्याचा कारखाना काढला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्यानें देव घरोघर पोंचविले, आणि पाहतां पाहतां रत्नागिरीच्या घरांतली लक्ष्मी आणि वऱ्हाडांतली लक्ष्मी एकाच लुगड्यांत उभी राहूं लागली. आमच्या आजोबांनीं दुसऱ्याच्या भिंतीवर चित्र पाहिलें, आवडलें आणि आणलें. सूनबाई तरी ह्याहून निराळें काय करीत होत्या?

सेवाग्रामला मात्र आम्ही मुद्दाम सर्वांना घेऊन गेलों. यवतमाळावरून वर्धा फार दूर नाहीं. ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी शेगांवास राहावयास आले. त्या गांवाला पुढें सेवाग्राम हें नांव पडलें. बापू कुटीच्या भिंती मातीच्या, वर कवेलू, खालीं चटई, लिहावयास बुटकें मेज. सारें जगाचें राजकारण ज्या खोलींत येऊन बसे तींत खुर्ची नाहीं. आणि तरीही ती खोली उघडीबोडकी वाटत नाहीं. मीराबेननीं भिंतीच्या मातींतच उठावाचीं ताडाचीं झाडें काढलीं आहेत. पांच मिनिटें कोणीही बोललें नाहीं. बाहेर आल्यावर धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "पाहिलेंत? किती मोकळें!" थोरल्या म्हणाल्या, "पाहिलेंत? सगळें जुन्या पद्धतीचें!" तीर्थयात्रेला जाऊन प्रत्येकजण आपलाच देव घेऊन परततो, तसें झालें. पण परतीच्या वाटेवर दोघी शेजारीं बसल्या होत्या.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती आमच्या स्वतःच्या पदरची आहे.

ताडाचीं तीं झाडें पाहतांना आमच्या सौभाग्यवती हलक्या आवाजांत नातीला सांगत होत्या, "मीही काढीत होतें हो अशीं." आम्हीं ऐकलें आणि न ऐकल्यासारखें केलें. लग्न होऊन त्या घाटंजीस आल्या त्या श्रावणांत त्यांनीं भिंतीवर गेरूनें जिवती काढली होती. पोळ्याला तिच्या शेजारीं बैलजोडी आली, आणि पुढें एक मोर. हात उत्तम होता. पण आमचें संस्कृताचें नवें ज्ञान तेव्हां फार उतूं जात होतें. विष्णुधर्मोत्तरांतल्या चित्रसूत्रांत, आपल्या घरीं आपण स्वतः चित्रकर्म करूं नये, असें म्हटलें आहे; तें वचन आम्हीं त्यांना थाटांत ऐकविलें. खरें कारण निराळें होतें. शाळेचे तपासणीस आमच्याकडे जेवावयास यावयाचे होते, आणि मास्तरांच्या भिंतीवर खेडवळ चित्रें दिसूं नयेत, अशी आमची इच्छा होती. आदल्या दिवशीं भिंतीवर चुन्याचा हात फिरला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पुढल्या श्रावणापासून जिवतीचा छापील कागद बाजारांतून आला, तो आजतागायत. चैत्रांगणाची रांगोळी मात्र त्या दर वर्षीं अंगणांत काढीत आल्या. ती पायांनीं आणि वाऱ्यानें पुसतेच, तिला चुना लागत नाहीं.

सेवाग्रामहून आल्यावर आम्हीं चित्रसूत्र पुन्हा उघडलें. तें वचन आहे, त्यांत शंका नाहीं. परंतु त्याच अध्यायांत घरांत शृंगार, हास्य आणि शांत ह्या रसांचीं चित्रें काढावींत, असेंही सांगितलें आहे. म्हणजे घराच्या भिंती चित्रांवांचून असाव्यात, हा ग्रंथकाराचा आशय नव्हेच. आम्हीं सोयीचें तेवढें वाक्य उचललें होतें. परीक्षेंत एखाद्या विद्यार्थ्यानें असें केलें असतें तर आम्हीं त्याचे गुण कापले असते.

बैठकीचें काम निघालें तेव्हां गवंड्याला आम्हीं बाजूला घेऊन सांगितलें कीं, माजघराचीही पूर्वेकडची भिंत जपून खरवडावी. चुन्याखालीं गेरूचें कांहीं दिसलें तर हात थांबवावा. दोन दिवस आम्ही खुर्ची टाकून समोर बसलों. थरामागून थर निघाले: पांढरा, निळीचा, पुन्हा पांढरा, मग माती. गेरूचा ठिपका देखील दिसला नाहीं. तिसऱ्या दिवशीं सौभाग्यवती दारांत आल्या.

"काय शोधतां आहां?"

"कांहीं नाहीं. ओल कोठवर आहे तें पाहतों आहे."

त्या क्षणभर थांबल्या. "अहो, तें उत्तरेच्या भिंतीवर होतें. खिडकीच्या वर. तुम्ही दुसरीच भिंत खरवडून घेतां आहां."

आम्हांस भिंत देखील आठवत नव्हती.

उत्तरेची भिंत खरवडावी का, असें आम्हीं विचारलें, तर त्यांनीं नको म्हणून सांगितलें. "निघालें तरी अर्धवट निघेल. मला तें तसें पाहावयाचें नाहीं."

बैठक आतां पुरी झाली आहे. तेलिया रंग पार काढून चुना दिला. त्यांत किंचित् नीळ आणि डिंक. खुंट्या चार होत्या, त्यांपैकीं दोन राहिल्या. बंगई राहिली, पण धुणें वाळत घालण्यासाठीं धाकट्या सूनबाईंनीं सांदवाडींत तार बांधून घेतली. पराती भिंतीवर चढल्या नाहींत. त्यांऐवजीं थोरल्या सूनबाईंनीं माळ्यावरून आमच्या आईचा पानाचा डबा आणि अडकित्ता शोधून काढला, घांसून लख्ख केला आणि देवळींत ठेवला. दाराच्या बाजूला चार बोटें रुंद गेरूची पट्टी आहे. ती कोणी ओढली हें आम्हीं विचारलें नाहीं. दोघींचीही बोटें तांबडी होतीं. घर विकण्याचा विषय पुन्हा निघालेला नाहीं. आमच्या पोथ्यांचें कपाट होतें तेथेंच आहे, आणि रविवर्म्याची सरस्वती त्याच्यावर.

माजघराची उत्तरेची भिंत खिडकीच्या वर अजून कोरी आहे. परवां आमची धाकटी नात, वय वर्षें सात, वाटीभर गेरू पाण्यांत भिजवून आजीसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "जिवती कशी काढतात?" आजीनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं उठून उंच स्टूल आणून दिलें व तें हलूं नये म्हणून धरून उभे राहिलों.