पाठमोरी

श्रावणातली दुपार होती. आमच्या कोकणातल्या घराच्या ओटीवर, बाकाखाली मनी अंग चोरून बसली होती. पाय पोटाखाली घेतलेले, पाठीला पोक, डोळे किलकिले आणि घशातून अखंड घुरघुर. पावसाचं सुख घेतेय, असं समजून मी पुढे गेले. रात्री वाटीतलं दूध तसंच राहिलं, तेव्हा मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून दाखवलं. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. ते म्हणाले, "ताई, दुखत असलं तरी मांजर घुरघुरतं. नुसत्या आवाजावर जाऊ नका, अंग बघत जा."

मनी बरी झाली. मी तिचं अंग वाचायला लागले.

मी बाजारातून आले की ती शेपूट ताठ उभं धरून, टोक किंचित वाकवून समोर येते. पिल्लं आईकडे अशीच धावतात. तेच शेपूट जमिनीवर फटफट आपटायला लागलं की हात आवरायचा. पोट वर करून ती लोळते, तेव्हा तिला माझी भीती नाही एवढाच त्याचा अर्थ. पोटाला हात लावायची परवानगी त्यात नसते. गोधडीवर ती पुढचे पाय आळीपाळीने दाबते. आजी म्हणायची, "कणीक मळतेय बघ." दूध पिताना पिल्लू आईचं पोट असंच दाबतं. ती सवय मोठेपणीही सुटत नाही. माझ्या पायाला गाल घासते, तेव्हा गालातल्या ग्रंथींचा वास माझ्यावर ठेवून जाते. मला तो येत नाही. तिच्या जगात मात्र मी तिची झालेली असते.

आणि म्याँव? पिल्लं आईला तशी हाक मारतात. मोठी मांजरं आपसांत ती क्वचितच वापरतात. ती हाक त्यांनी आपल्यासाठी राखून ठेवली आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला आहे. इतक्या जुन्या सोबतीत मांजराला कळलं असावं, की या प्राण्याला अंग वाचता येत नाही, याला हाकच मारावी लागते. त्याने आपल्यासाठी एवढं केलं. आपण त्याच्यासाठी काय शिकलो?

मांजर डोळे मिटून दूध पितं, असं म्हणून आपण त्याच्या मिटल्या डोळ्यांना चोरीचा डाग लावला. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी पाहिलं, की माणसाने सावकाश डोळे मिटले-उघडले तर मांजरही तसंच करतं, अनोळखी माणसाच्याही जवळ यायला धजतं. ज्याच्यापुढे भीती नाही, त्याच्यापुढे ते असे सावकाश डोळे मिटतं. मीही आता मनीसमोर सावकाश डोळे मिटते. कधी ती उत्तर देते, कधी नाही.

आज संध्याकाळी ती आली आणि माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसली. पूर्वी मला वाटलं असतं, रुसली. तिचे कान अंगणाकडे होते. एक मात्र मध्येच मागे, माझ्या दिशेला वळायचा. समोरच्या अंधारावर ती नजर ठेवून होती. मागची बाजू तिने माझ्यावर सोपवली होती.