एकास बहात्तर

दुपारी वीज गेली की आमच्या गल्लीतली शिलाईयंत्रं एकदम गप्प होतात. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये अशी शांतता क्वचित मिळते. खालच्या दोन गाळ्यांत जीन्स शिवतात, समोर काज-बटण, कोपऱ्यावर लेबलं. दिवसभर सगळ्यांची मिळून एक घरघर चालू असते, आणि ती थांबली की मगच ती होती हे कळतं. या जूनमध्ये अशाच एका दुपारी मी खिडकीपाशी बसले आणि सव्वापाच इंचांचं एक विमान उसवायला घेतलं.

उसवणं हा आमच्या गल्लीचाच शब्द. खालच्या गाळ्यात फर्मे कापणारे एक काका होते. बाहेरून आणलेली नवी कोरी जीन्स त्यांच्या हाती आली की ते आधी ती अख्खी उसवायचे. एकेक शिवण ब्लेडने अलगद सोडवून सगळे तुकडे टेबलावर पसरायचे, हाताने सपाट करायचे आणि बराच वेळ नुसते बघत बसायचे. मांडीचा कट कुठे वळलाय, खिशाची पट्टी आडव्या विणीची का उभ्या, शिवणीत किती कापड सोडलंय. फर्मा नंतर. उल्हासनगरची ‘मेड इन यूएसए’ म्हणून पोटभर थट्टा झाली, अजून होते. मी मात्र लहानपणापासून त्या काकांचे हात बघत आले. नक्कल करायला अस्सल आतून कळावं लागतं, हे मला त्यांच्या टेबलापाशी उभं राहून समजलं.

विमान दादाचं. १९८२ च्या दिवाळीत तो चौदा वर्षांचा होता आणि मी नऊ. बाबा अंबरनाथला विमकोच्या काडेपेटी कारखान्यात होते. त्यांचा एक मित्र मालवाहू जहाजावर नोकरीला. त्याने कुठल्याशा बंदरातून एअरफिक्सचा तो डबा आणला. आत प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले सुटे भाग, जशी वेलीला घोसाळी. चाकं तर मसुराएवढी. बाबांनी रिकाम्या काडेपेट्या आणून दिल्या आणि दादाने त्यांवर नंबर घालून एकेक भाग त्यांत जपून ठेवला. डब्यावर लिहिलं होतं, एकास बहात्तर.

त्या आकड्याने दादाचं एक जुनं दुखणं दूर केलं. दर दिवाळीला बॅरेकच्या अंगणात आम्ही किल्ला करायचो. विटा, माती, वर भिजवलेलं गोणपाट, त्यावर अळीव टाकून उगवलेली हिरवळ. किल्ला झकास व्हायचा, पण मावळे मांडले की सगळं बिघडायचं. बाजारातला मातीचा मावळा दरवाज्यापेक्षा उंच! महाराज सिंहासनावर बसले की त्यांच्या मागे गडच दिसायचा नाही. दादाला हे फार लागायचं. मावळा तीन इंचांचा धरला तर रायगडाच्या महादरवाज्याचे बुरूज केवढे करावे लागतील, हे त्याने एकदा पाटीवर मांडून पाहिलं होतं. मोठा बुरूज पंचाहत्तर फुटी, म्हणजे आपला साडेतीन फुटांच्या आसपास जाईल. तेवढ्या विटा आख्ख्या बॅरेकीत नव्हत्या. आणि इथे कुणीतरी हे गणित आधीच सोडवून ठेवलं होतं. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट. सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा, मग त्याची खुर्ची, त्याचं विमान, सगळं त्याच मापात. कुणी कुणापेक्षा मोठं नाही.

हे प्रमाण का रूढ झालं ते मला खूप नंतर वाचायला मिळालं. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे नुसत्या आकारावरून ओळखता यावं म्हणून सैनिकांना काळी छोटी विमानं दाखवून शिकवत. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळेतल्या मुलांकडून अशी पाच लाख विमानं करून मागितली होती, एकास बहात्तर याच मापात. त्याच युद्धासाठी कल्याणजवळच्या या माळावर लष्कराची छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं त्याच बॅरेकींत राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते छावणीचं उल्हासनगर झालं. आम्ही ज्या भिंतीला टेकून विमान जोडलं ती भिंत आणि ते माप एकाच काळातलं, याचं मला अजून नवल वाटतं.

विमान होतं फॉलंड नॅट. नॅट म्हणजे चिलट. १९६५ च्या युद्धात या चिलटाने पाकिस्तानची सेबर विमानं पाडली, आणि १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर हल्ला झाला तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों नॅट घेऊनच एकटे भिडले आणि त्यातच गेले. परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले ते एकमेव. त्यांच्याबद्दलचं कात्रण दादाने वहीत चिकटवलं होतं. डब्यावरचं नॅट मात्र लालभडक. ब्रिटनच्या रेड ॲरोज या कसरती पथकाचं, दोन आसनांचं. दादाने तो लाल रंग मनावर घेतलाच नाही. पत्र्याच्या ट्रंकेला लावायचा चंदेरी रंग उरला होता, तो त्याने विमानाला फासला.

पंखावर हवाई दलाचं चक्र हवं. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. कागदाची वर्तुळं कापता कापता हिरव्या ठिपक्याशी गाडी अडली, कारण एवढं बारीक गोल कात्रीने निघेना. मग आईच्या पाकिटातल्या सगळ्यात लहान हिरव्या टिकल्या आल्या. त्या मखमली टिकल्या पंखांवर चक्राच्या बरोब्बर मध्ये बसल्या.

आणि विमान शेपटीवर बसलं. तिन्ही चाकांवर ठेवलं की नाक वर करून मागे कलंडायचं. नाकात वजन घालायचं असतं हे कागदावर लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. नेताजी चौकाकडे जाताना एक सायकलवाला बसायचा, त्याच्याकडून छर्रे आणले. नाकाच्या पोकळीत सात छर्रे टाकून वर मेणबत्तीचं मेण ओतलं. विमान तिन्ही पायांवर उभं राहिलं. त्या रात्री आम्ही दोघं किती वेळ जमिनीला गाल टेकवून त्याच्याकडे बघत होतो! डोळा जमिनीला लागला की ते खरं दिसायचं.

पुढची वर्षं भराभर गेली. दादा शिकायला गेला, मग पुण्यात नोकरी, संसार. विमान फडताळात. २६ जुलै २००५ ला वालधुनी नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा फडताळ आडवं झालं. चिखल उपसताना विमान सापडलं ते शेपूट तुटलेलं, पुढचा पाय गायब, पोटात गाळ. मी ते धुऊन एका डब्यात ठेवलं आणि डबा माळ्यावर टाकला. त्यानंतर मी स्वतः किट्स जोडायला लागले. आधी वाढदिवसाला भाच्यासाठी आणलेलं, मग माझ्यासाठी. हात बसला. पण त्या डब्याला हात लावायला या जूनपर्यंत धीर झाला नाही.

जुना जोड सोडवायची एक युक्ती आहे. विमान पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं. नळीतला तो गोंद खरं तर गोंद नसतोच. तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन कडा एकमेकींत मिसळतात. पण मुलांच्या हातून तो जिथे नुसता थापला जातो तिथे वर्षांनी ठिसूळ होतो, आणि थंडीने तडकतो. मटारच्या पिशवीशेजारी रात्रभर ठेवलेलं विमान सकाळी मी हातात घेतलं, शिवणीवर ब्लेडची बोथट बाजू लावली, हलकेच पिळलं. टक् असा आवाज झाला आणि ते उभं दुभंगलं. आत पिवळं पडलेलं मेण, त्यात रुतलेले सहा छर्रे. सातवा सुटा होता, गंजून तांबूस झालेला, शेपटीकडच्या गाळात.

चंदेरी रंगाखाली तेव्हा मला ती गोष्ट दिसली. मागच्या आसनावरची काच दादाने रंगवून बंद केली होती. पारदर्शक प्लास्टिकवर चंदेरी रंगाचे तीन जाड हात. भारताने उडवलं ते नॅट एका आसनाचं होतं, लांबी २८ फूट ८ इंच. डब्यातलं दोन आसनांचं, ३१ फूट ९ इंच. एकास बहात्तरमध्ये हा फरक अर्ध्या इंचाचा. चौदा वर्षांच्या मुलाला तो दिसला होता. अर्धा इंच कापणं त्याला जमणार नव्हतं, म्हणून त्याने मागची खिडकी बुजवली.

आता मला ते कापता येतं. एका आसनाच्या लढाऊ नॅटची किट्सही आता मिळतात. रंग उतरवून, लांबी भरून, पाणपेपर मारून मी एक बिनचूक नॅट उभं करू शकले असते. आठ दिवस दोन्ही अर्धुकं तशीच टेबलावर ठेवून मी विचार करत राहिले. मग एका संध्याकाळी शिवमंदिरात गेले.

अंबरनाथचं मंदिर आमच्यापासून पायी जाण्याइतकं जवळ. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख तिथे आहे, शिलाहारांच्या काळातला. इतकी वर्षं मी तिथे देवाला गेले, त्या दिवशी कारागिरी बघायला गेले. शिखराची बांधणी भूमिज पद्धतीची. मधल्या उभ्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना छोटी छोटी शिखरं ओळीने बसवलेली, वर जाताना एकेक ओळ लहान होत जाणारी. देवळाच्या अंगावर देवळाच्याच प्रतिकृती. त्या पाथरवटाला प्रमाण कुणी शिकवावं लागलं नसेल. छोटं करताना कोणती रेघ ठेवायची आणि कोणती सोडायची हे त्याच्या छिन्नीला ठाऊक होतं. मी गुडघ्याएवढ्या एका शिखरापाशी वाकून बराच वेळ बघत राहिले. नळीतल्या गोंदाने बरबटलेल्या माझ्या बोटांचा धंदा हजार वर्षं जुना निघाला, या आनंदात पायऱ्या कधी उतरले ते कळलं नाही.

१८६८ मध्ये सरकारने जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मंडळी पाठवून या देवळाची रेखाटनं करवली, शिल्पांचे साचे काढून घेतले. म्हणजे या नकलांची पुन्हा नक्कल. पण मुख्य शिखराचा वरचा भाग आज नाही, आणि कसा असेल याचा अंदाज बांधून कुणी तो नवा चढवलेला नाही. जिथे थांबलंय तिथे ते थांबलंय. वालधुनीचा वास येत होता, वर पोपट ओरडत होते. घरी येऊन मी ब्लेड खाली ठेवलं.

काच बुजलेलीच ठेवली. तुटलेलं शेपूट जोडलं, पण जोडाची रेघ लांबीने भरून नाहीशी केली नाही. हरवलेला पुढचा पाय सुईच्या तुकड्याचा केला, चाक नवं, आणि त्याला मुद्दाम किंचित फिकट चंदेरी दिला. कुणी नीट पाहिलं तर दादाचं कुठलं आणि माझं कुठलं ते कळावं. टिकल्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. मखमलीत पुराची माती बसली होती, आणि पाणी लावलं तर कागदाचं केशरी पसरलं असतं. कोरड्या बारीक कुंचल्याने, श्वास रोखून, रोज थोडं थोडं झटकत गेले. चौथ्या दिवशी उजव्या पंखावर हिरवा रंग वर आला. डावीकडची टिकली काळीच राहिली.

दादाला फोन केला. म्हटलं, मागची काच तू का रंगवलीस, आठवतं? तो म्हणाला, “कसली काच? मला त्यातलं काही आठवत नाही गं.” मग थोडं थांबून, “टिकल्या मात्र आईला न विचारता घेतल्या होत्या.”

गणपतीच्या आत काम संपलं. छर्रे घासूनपुसून, तेलाचा हात देऊन, सातही नव्या मेणात घट्ट बसवले. सांधा या वेळी चांगल्या पातळ द्रवाने जोडला, आता फ्रीझरलाही दाद देणार नाही असा. विमान तिन्ही पायांवर उभं राहिलं.

भाऊबीजेला दादा आला. ओवाळून झाल्यावर मी विमान त्याच्या हातावर ठेवलं. त्याने टिकल्या पाहिल्या, पायाची सुई पाहिली, फिकट चाकावर नख फिरवून हसला. मग लहानपणी करायचा तसं विमान कानाशी नेलं आणि हलवलं. पुन्हा हलवलं.

“खुळखुळत नाही,” तो म्हणाला.

सातवा छर्रा तेव्हापासूनच सुटा होता. मेण कमी पडलं होतं.

दादा परवा पुण्याला परतला. नवं ब्लेड आणून ठेवलंय, आणि पोटाखाली चाकाच्या कप्प्याजवळ पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली आहे. छर्रा जाईल एवढीच.