दोन पाण्यांमधले देवबाग

मालवणहून दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली लागते आणि तोच रस्ता पुढे देवबागला जाऊन संपतो. सह्याद्रीतून आलेली कर्ली नदी येथे समुद्राच्या अगदी जवळ येऊनही त्याला लगेच मिळत नाही. काही अंतर ती किनाऱ्याला समांतर वाहते आणि देवबागच्या टोकाशी अरबी समुद्रात शिरते. त्यामुळे हे गाव म्हणजे माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला लाटांचा समुद्र, पूर्वेला खाडीचे संथ पाणी. सकाळचे ऊन खाडीवर उतरते, सूर्यास्त समुद्रावर होतो आणि एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला फारसे चालावे लागत नाही.

दिवाळीनंतर दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : “डॉक्टर, आईला समुद्रावर नेले तर चालेल का?” माझे उत्तर बहुधा होकारार्थी असते, मात्र कोणत्या पाण्यापाशी, किती वाजता आणि कशासाठी, हे आधी ठरवावे लागते. देवबागसारख्या ठिकाणी ही निवड सोपी होते, कारण तेथे दोन स्वभावांची दोन पाणी शेजारी आहेत.

ज्येष्ठांसाठी खाडीची नौकाफेरी सर्वांत सुखाची. दोन्ही काठांवर माड, कांदळवन, बगळे, खंड्या, आणि पाणी जवळजवळ स्थिर. पडण्याचा धोका असतो तो नावेत चढता-उतरताना. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात आणि नाव हलत असते. एकाने नावेत, एकाने काठावर उभे राहून आधार द्यावा. काठी आधी आत द्यावी, मग माणूस. जीवरक्षक जाकीट फेरी लहान असली तरी पट्टे आवळूनच घालावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता, हे विसरू नये.

संगमाजवळ ओहोटीच्या वेळी वाळूचा दांडा उघडा पडतो. लोक त्याला ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. जलक्रीडांची गर्दी तेथेच असते. ओहोटीला खाडीचे सारे पाणी अरुंद मुखातून समुद्राकडे धावते, म्हणून गुडघाभर पाण्यातही पाय ओढले जातात. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा केवळ अंदाज. पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक नावाड्याला विचारावे आणि त्याने नको म्हटले तर वाद घालू नये.

जलक्रीडांबाबत वयापेक्षा आजार महत्त्वाचा. हाडे ठिसूळ असतील तर वेगवान बोट, बनाना राइड आणि जेट-स्की टाळावेत. लाटेवर आदळणाऱ्या बोटीत बसल्या जागी मणक्याचा अस्थिभंग होऊ शकतो. साध्या बोटीतही पुढच्या टोकाला न बसता मध्यभागी किंवा मागे बसावे. स्कूबासाठी हृदयविकार, दमा, फुप्फुसाचे जुने विकार, फिट्स किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांची परवानगी घेतल्याशिवाय उतरू नये. प्रकृती ठणठणीत असलेल्या साठीच्या माणसाला निव्वळ वयामुळे मज्जाव नाही. मात्र स्कूबानंतर निदान एक दिवस विमानप्रवास करू नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डोळ्यांत पाणी जाईल असे काहीही नको.

मधुमेहींनी वाळूवर अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी झालेली असते. तापलेल्या वाळूचा चटका किंवा शिंपल्याची काच जाणवत नाही आणि चार दिवसांनी जखम चिघळलेली दिसते. मागे पट्टा असलेल्या चपला घालाव्यात आणि रात्री घरच्या कुणीतरी तळवे पाहावेत. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. मासळीचे ताट तयार व्हायला उशीर होतो, म्हणून खिशात साखर किंवा बिस्किटे असू द्यावीत. रक्तदाब असलेल्यांनी सोलकढीचा आस्वाद जरूर घ्यावा, पण सुकी मासळी, पापड आणि लोणचे यांतले मीठ लक्षात ठेवावे.

एक गोष्ट ज्येष्ठ सहसा बोलून दाखवत नाहीत. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने ते पाणीच पीत नाहीत. वयानुसार तहान मंदावते; त्यात दमट ऊन आणि लघवी वाढवणारी गोळी. दुपारी चक्कर येते, ती पुष्कळदा यामुळेच. गोळी परस्पर बंद करू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. फेरी तासाभराची ठेवावी, आधी स्वच्छतागृहाची सोय पाहावी आणि अकरा ते चार सावलीत काढावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात आणि समुद्र खवळलेला असतो. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा असेल तर तेथेही होडीत चढ-उतार आणि पुढे चालणे आहे. ज्यांना ते झेपणार नाही, त्यांना १६६४ मध्ये बांधायला सुरुवात झालेला हा जलदुर्ग मालवणच्या किनाऱ्यावरूनही छान दिसतो. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला, रुग्णवाहिकेसाठी १०८. औषधांची यादी आणि जुना ईसीजी सोबत असावा.

शेवटची सूचना तरुणांसाठी. किनाऱ्यावर बहुतेक कुटुंबांत आजी-आजोबा चपला, फोन आणि पिशव्या राखत बसलेले दिसतात. त्यांना जपण्याची ही पद्धत नव्हे. सामान खोलीवर ठेवा. सायंकाळी उन्हे उतरल्यावर, लाट जेथे विरते त्या ओल्या, घट्ट वाळूवर दोन्ही बाजूंनी हात धरून त्यांना घोटाभर पाण्यात उभे करा. पायाखालची वाळू सरकते तेव्हा तोल जातो, म्हणून हात सोडू नका. आणि परत निघायची घाईही करू नका.