जवारी

सरकारी नोकराच्या बदलीत सर्वांत कमी जागा व्यापणारे सामान कोणते, असे कोणी आम्हांला विचारले, तर आम्ही तत्काळ उत्तर देऊ : पंधराव्या-सोळाव्या वर्षी ऐकलेली गाणी. कपाटाचे पाय मोडतात, काचेच्या बरण्या तडकतात, लोणच्याचे तेल गादीला लागते. गाण्यांना मात्र ना खोके लागते, ना सुतळी. प्रवासभत्त्याच्या देयकात त्यांच्यासाठी रकाना नाही. तथापि मिरजेहून दिल्लीस आणि दिल्लीहून शिलाँगला आम्ही जे जे म्हणून नेले, त्यांत साबूत राहिले ते हेच.

ही गाणी नाट्यपदे किंवा भावगीते असती, तर आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी संतोषाने मान डोलावली असती. परंतु आमची शिदोरी निराळ्याच घरची आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडात वाढलेला 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' नामक जो संगीतप्रकार, त्याने आमच्या पौगंडावस्थेचा कबजा घेतला होता. आमचे वडील त्यास 'पत्र्यावरची गारपीट' म्हणत. त्यांचेही चुकत नव्हते. ज्या मिरजेत सतारमेकर गल्लीत भोपळ्यांची तंतुवाद्ये होतात आणि जेथे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर वर्षी दर्ग्यात गाणे होते, त्या गावच्या मुलाने सिएटलच्या पोरांचा आक्रोश डोळे मिटून ऐकावा, हे त्यांस कसे रुचावे?

हे संगीत आमच्या घरी आणले दादाने. २००३ साली तो पुण्यास अभियांत्रिकी शिकू लागला आणि त्या दिवाळीत फराळाच्या रिकाम्या डब्यांबरोबर एक एमपीथ्री सीडी घेऊन आला. तिच्यावर निळ्या मार्करने नुसते 'ऐक' असे लिहिलेले होते. शे-दीडशे गाणी, ना क्रम, ना मुखपृष्ठ. पुढे कित्येक महिने कोणता आवाज कोणाचा, हेही आम्हांस उमगत नव्हते.

गंमत अशी की, ज्यास आम्ही 'आमच्या काळचे संगीत' म्हणून मिरवतो, ते आमच्या काळचे नव्हतेच. निर्वाणा या त्रिकुटाचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम सप्टेंबर १९९१ मध्ये निघाला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकेल जॅक्सनला अमेरिकेतील अग्रस्थानावरून खाली उतरविले. तेव्हा आम्ही अंगणात रांगण्याच्या बेतात होतो. त्यांचा गायक कर्ट कोबेन ५ एप्रिल १९९४ रोजी सत्ताविसाव्या वर्षी आपल्या हाताने गेला. आमच्यापर्यंत त्याचा आवाज पोहोचला, तो त्यानंतर नऊ वर्षांनी. परप्रांतात दिवाळी अंक माघात हाती पडतो आणि तरीही आपण तो ताज्या फराळाच्या चवीने वाचतो, त्यातलाच हा प्रकार.

शिलाँगला येऊन आम्हांस दोन वर्षे होतील. हे शहर आमच्या वडिलांनी पाहावयास हवे होते. बॉब डिलनचा वाढदिवस येथे लू माजॉ हे गवई १९७२ पासून दर २४ मे रोजी साजरा करीत आले आहेत. आमच्या घरमालकीणबाईंचा सोळा वर्षांचा भाचा सायंकाळी वरच्या मजल्यावर गिटार घासत बसतो. एके दिवशी त्याच्या बोटांतून 'नेव्हरमाइंड'चे सूर ओघळले, आणि फायलींवरून उठून आलेले आमचे मन वीस वर्षे मागे गेले. त्या रात्रीपासून आम्ही ते जुने अल्बम क्रमाने, आरंभापासून अखेरपर्यंत, पुनश्च ऐकावयास घेतले.

पुनर्भेटीत माणसांप्रमाणेच गाण्यांचेही चेहरे पालटतात. 'नेव्हरमाइंड'च्या मुखपृष्ठावर पाण्यात पोहणारे एक तान्हे मूल गळाला लावलेल्या डॉलरच्या नोटेकडे झेपावते. पूर्वी आम्हांस त्यात केवळ खोडकरपणा दिसे. २०२० साली कोबेनची एक गिटार लिलावात साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकली गेली. आता ते चित्र पाहताना हसू येते खरे, पण ते फार वेळ टिकत नाही.

रेडिओहेड या इंग्रज मंडळींचा 'ओके कॉम्प्युटर' १९९७ सालचा. त्याचा बराचसा भाग बाथ शहराजवळच्या एका जुन्या वाड्यात ध्वनिमुद्रित झाला. त्यात 'फिटर हॅपिअर' नावाचा दोन मिनिटांचा तुकडा आहे. तो कोणी गात नाही. संगणकाचा निर्विकार आवाज सद्वर्तनाच्या सूचनांची यादी वाचीत जातो. शाळकरी वयात आम्ही तो ओलांडून पुढे जात असू. आज मात्र तो ऐकताना क्षणभर वाटले, हे परिपत्रक आमच्याच विभागातून निघाले असावे. खाली फक्त जावक क्रमांक तेवढा नाही. त्याच अल्बमात 'नो सर्प्रायझेस' हे गाणे आहे. त्यातील घंट्यांची किणकिण इतकी कोवळी की, आम्ही ते अंगाईगीतच समजत होतो. वस्तुतः नोकरीने हळूहळू झिजत चाललेल्या माणसाचे ते मागणे आहे. त्याच्या चित्रफितीत गायक थॉम यॉर्क काचेच्या शिरस्त्राणात डोके घालून बसतो आणि त्यात पाणी चढत चढत नाकापर्यंत येते. मार्चअखेरीस ज्यांनी हिशेब जुळविले आहेत, त्यांना याचा अर्थ आम्ही काय सांगावा?

येथवर सारे गमतीत लिहिले. पुढचे लिहिण्यापूर्वी आम्ही दादाची संमती घेतली आहे.

वडील २०११ साली गेले. दादाने पुण्याची नोकरी सोडून कुपवाडच्या कारखान्यात काम धरले, आणि आम्ही स्पर्धापरीक्षा देऊन दिल्लीचा रस्ता धरला. दोघा भावांचे बोलणे पुढे ठरावीक झाले : जेवलास का, आईच्या गोळ्या आणल्या का, घरपट्टी भरली का. गाण्यांचा विषय कधी निघेनासा झाला, ते कळलेही नाही. आणि २१ जुलै २०१७ रोजी, ऐन कचेरीच्या वेळी, दादाचा फोन आला. कचेरीच्या वेळी तो कधीही फोन करीत नसे. आईचे काही बरेवाईट झाले की काय, या धास्तीने आम्ही व्हरांड्यात धावलो.

"अरे, चेस्टर गेला," तो म्हणाला.

लिंकिन पार्कचा गायक चेस्टर बेनिंग्टन आदल्या दिवशी एक्केचाळिसाव्या वर्षी कोबेनच्याच वाटेने गेला होता. 'हायब्रिड थिअरी' आणि 'मिटिओरा' हे त्यांचे दोन्ही अल्बम त्या सीडीवर होते. आम्ही काही बोलणार, तोच दादा सावकाश म्हणाला, "तुला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी माझे तीन विषय राहिले होते. बाबांना पत्र लिहून ठेवलं होतं. त्या रात्री खोलीत कोणी नव्हतं, हा गात होता. मला वाटलं, आपल्यासारखं वाटणारा दुसरा कुणीतरी आहे. पहाटे पत्र फाडलं."

आम्ही कितीतरी वेळ उभे होतो. अखेर तोंडून निघाले ते इतकेच : "दादा, जेवलास का?" हजारदा विचारलेला प्रश्न, पण त्या दिवशी उत्तर ऐकेपर्यंत आमचा श्वास कोंडला होता.

"जेवतो," तो म्हणाला.

ज्याच्या आवाजाने आमचा भाऊ राहिला, तो स्वतः राहिला नाही. या हिशेबाची जुळणी कोणत्या लेखापालाने करावी? आम्हांस ती साधली नाही. मात्र मिरजेच्या कारागिरांकडून ऐकलेली एक गोष्ट अलीकडे वारंवार आठवते. तंबोऱ्याची घोडी ते कानसीने घासून अशी बेताची उतरती करतात की, कंप पावणारी तार तिला पुनःपुन्हा निसटती लागावी. त्या घासण्यातून मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर झणकारून उठतात. हिलाच जवारी म्हणतात. रॉकच्या गिटारीची खरखर हीही दूरची आप्तच. अॅम्प्लिफायरला पेलेल त्याहून अधिक जोर दिला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आणि तारेत मुळी नव्हते असे वरचे स्वर त्यात मिसळतात. वडिलांना जी गारपीट वाटे, तिच्यातही कोठेतरी घासणे होते. जो माणूस कोठेच घासत नाही, त्याचा आवाज दुसऱ्याच्या अंतःकरणापर्यंत पोहोचेल कसा?

कचेरीत आणि परप्रांतात आपण सारेच आपली जवारी बंद ठेवून वावरतो. 'कसे आहात?' यास 'मजेत' हे उत्तर ठरलेले. दादाने ती त्या दिवशी खुली केली. पुढे आईलाही त्याने सारे स्वतःच सांगितले. आता शिलाँगात सुरू झालेल्या या श्रवणात आम्ही त्यासही ओढले आहे. दर रविवारी एक अल्बम ठरवावयाचा. त्याने मिरजेत, आम्ही शिलाँगात ऐकावयाचा आणि रात्री बोलावयाचे. घरपट्टीचा विषय त्यानंतर.

गेल्या रविवारी आर.ई.एम.चा १९९२ सालचा 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' होता. त्यातील 'एव्हरीबडी हर्ट्स' लागले तेव्हा आई शेजारी शेंगा सोलीत बसली होती, असे दादाने सांगितले. तिला इंग्रजीचे एक अक्षर कळत नाही. थोडा वेळ ऐकून तिने विचारले, "याला काय होतंय रे?"

"बरं वाटत नाहीये त्याला," दादा म्हणाला.

"मग बोलून दाखवतोय, ते बरं करतोय," आई म्हणाली आणि शेंगांचे सूप तिने पुढे ओढले.